सत्तेचाळिसाव्या मिनिटापर्यंत

लाँड्रीच्या खोलीत एक उंच, गोरी, पांढऱ्या केसांची बाई हातात रिकामा डबा धरून उभी होती. सुमित्राबाई आत येताच तिने डबा उलटा करून दाखवला आणि विचारलं, "सबून?"

सुमित्राबाई दचकल्याच. जून २००३ची गोष्ट. कराडहून मिशिगनमधल्या ट्रॉय गावी येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत मुलगा केदार आणि सून आश्लेषा सोडली, तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळेल असा एक शब्द निघाला नव्हता.

"साबण?" त्यांनी विचारलं.

"सबून! सबून!" बाईने मान डोलावली.

सुमित्राबाईंनी आपल्या डब्यातली दोन मापं पावडर तिला दिली. कपडे मशीनमध्ये फिरत होते तोवर दोघी समोरासमोर बसल्या. बाईने बसायच्या वस्तूवर हात आपटून म्हटलं, "कुर्सी." सुमित्राबाई म्हणाल्या, "खुर्ची." मग दुकान निघालं, हवा निघाली, दुनिया निघाली. कपडे वाळेपर्यंत दोघींकडे अकरा शब्द जमले होते. घरी येऊन त्यांनी सुनेला मोठ्या उत्साहाने सांगितलं, तेव्हा बाळंतपणाने थकलेली आश्लेषा म्हणाली, "आई, त्या खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन आंटी. कुणाशी बोलत नाहीत त्या. तुम्ही बऱ्या पटवल्यात."

त्या बाईचं नाव हयात बदावी. वय चौसष्ट. एकटीच राहायची. मुलगा तारिक मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. त्याचं घर वीस मिनिटांवर. दर शुक्रवारी संध्याकाळी तो किराणा घेऊन यायचा, औषधं बघायचा आणि निघून जायचा.

सुमित्राबाईंनी बत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं होतं. न कळणाऱ्याला धीराने सांगत राहायची त्यांना सवय होती. हयातला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, सुमित्राबाईंना त्याहून कमी. तरी त्या उन्हाळ्यात रोज दुपारी, नात स्वानंदी झोपली की, त्या जिना उतरून खाली जायच्या. काही अगदीच अडलं, तर शनिवार-रविवारी केदार दुभाष्याचं काम करायचा.

एकदा नावावरून बोलणं निघालं. हयात म्हणजे आयुष्य, असं तिने सांगितलं. सुमित्राबाईंना हसू आवरेना. "अहो हयातबाई, आमच्याकडे पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाऊन लिहून द्यायचं, मी अजून जिवंत आहे म्हणून."

केदारने हे इंग्रजीत सांगितलं. हयात म्हणाली, "मला ने तुझ्या बँकेत. इथे मला तसं कुणी लिहून देत नाही."

ती सिनेमात काम करत होती हे कळायला ऑगस्ट उजाडला. तेही तिने आधी उठून दाराची कडी लावली आणि मगच सांगितलं.

टँटा गावच्या स्टेशनमास्तरची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी मावशीकडे कैरोला आली आणि एका स्टुडिओत गर्दीतली बाई म्हणून उभी राहिली. तिथून चोवीस सिनेमे. नायिकेची मैत्रीण, शेजारीण, परिचारिका, टेलिफोनवरची बाई. "नायिका रडायची, मी पाण्याचा ग्लास आणायचे," ती म्हणाली. "पंधरा वर्षं ग्लास आणले." नवरा स्टुडिओतच आवाज मुद्रित करायचा. तो १९८९ साली गेला, आणि तीन वर्षांनी मुलाने तिला अमेरिकेत आणलं.

चोविसांपैकी एका सिनेमात तिला खरी भूमिका मिळाली. १९७३ सालचा सिनेमा. सुएझ शहरातल्या तार कचेरीत काम करणारी एक बाई. युद्ध चालू आहे, सगळ्या शहराच्या तारा तिच्या हातून जातात, आणि एके दिवशी यंत्रावर जी तार येऊ लागते ती तिच्याच नवऱ्याच्या मरणाची असते. नेमाप्रमाणे तिला ती अक्षर अक्षर उतरून घ्यावी लागते. चार मिनिटं कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. गाणं नाही, वाजंत्री नाही, रडणं नाही.

"मी रडले नाही," हयात म्हणाली. "दिग्दर्शक म्हणाला, रड. मी म्हटलं, नाही. नोकरीवर असलेली बाई रडत नाही."

सिनेमा तीन थिएटरांत नऊ दिवस चालला. मग सरकारला त्यातलं काही खटकलं आणि तो उतरवला गेला. मूळ प्रत गोदामात ओल लागून खराब झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी, एका थिएटरात पडून राहिलेल्या प्रतीवरून संकलकाने तिला एक व्हिडिओ टेप करून दिली. जगात तेवढी एकच.

"मुलाने पाहिलाय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

हयातने नाही म्हणून डोकं हलवलं. तारिकला आईचं सिनेमातलं आयुष्य कधीच आवडलं नव्हतं. शाळेत पोरांनी त्यावरून त्याला छळलं होतं. इथे आल्यावर त्याने ओळखीच्यांत सांगितलं की आई कैरोत एका ऑफिसात होती. सप्टेंबर २००१ नंतर तर तो फारच घाबरून गेला. दुकानात अरबीत बोलू नकोस, दारावर नाव लावू नकोस, कुणाच्या नजरेत येऊ नकोस. त्याच आठवड्यात त्याने भिंतीवरचे तिचे फोटो उतरवले आणि एका खोक्यात भरून नेले. कुठे नेले ते तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"तो वाईट नाही," ती म्हणाली. "त्याला दिसायचं नाहीये. मला दिसायचंय. एवढंच."

कुणाला दिसायचं, तेही ठरलेलं होतं. तारिकची मुलगी मरियम तेव्हा पंधरा वर्षांची होती. आजी ऑफिसात होती असंच तिलाही माहीत. पुढच्या वर्षी सोळा पुरी झाली, हातात गाडी आली, की ती एकटी आजीकडे येणार होती. त्या दिवशी हयात तिला तो सिनेमा दाखवणार होती. एकदा, एकाच माणसाला.

"तिने मला एकदा बघितलं की बस," ती म्हणाली. बस हा शब्द दोघींच्या भाषेत एकच निघाला होता.

आकड्यांची गोष्टही त्याच दिवसांतली. हयातच्या भिंतीवर कैरोहून आलेलं कॅलेंडर होतं. त्यातले दोन आणि तीन बघून सुमित्राबाई जवळ गेल्या. "अय्या, हे तर आमचेच!" दोनचा आकडा जवळपास तसाच, तीन तर भावंडच वाटावा. आयुष्यभर पोरांकडून अंक गिरवून घेतलेल्या बाईंना एवढ्या दूर, परक्या भिंतीवर आपले अंक भेटले, याचं त्यांना केवढं अप्रूप वाटलं! बाकीचे आकडे नीट बघावेत हे काही त्यांच्या मनात आलं नाही. नोव्हेंबरात त्या कराडला परतल्या तेव्हा मैत्रिणींना सांगायच्या, "अगं, त्यांचे अंक अगदी आपल्यासारखेच असतात."

एप्रिल २००४मध्ये त्या पुन्हा ट्रॉयला आल्या. दुसऱ्याच दिवशी हयात जिना चढून वर आली. तिच्या हातात बुटांचं खोकं होतं आणि त्यात पाच टेपा.

"तारिक कपाटं आवरायला लागलाय," ती म्हणाली. "हे तुझ्याकडे ठेव. माझा सिनेमा यात आहे."

अडचण आणखी एक होती. इजिप्तची टेप अमेरिकेतल्या व्हीसीआरवर दिसत नाही. केदार म्हणाला, "पॅल आणि एनटीएससीचा लोचा आहे, आई. आपल्याकडच्या टेपचंही तसंच होतं. कन्व्हर्ट करून मिळते. वीकेंडला टाकतो. कुठली टेप ते फक्त आंटींना विचारून ठेव."

सुमित्राबाई विचारायचं विसरल्या. केदारचा तो वीकेंड गेला, पुढचाही गेला. एका शनिवारी ऑफिसचं काम निघालं, एका शनिवारी गाडी बिघडली. खोकं कपाटात वरच्या फळीवर राहिलं.

एकोणीस जूनला, शनिवारी, स्वानंदीचा पहिला वाढदिवस झाला. पन्नास माणसं आली. हयात तेवढी नव्हती. त्या दिवशी तारिक तिला सकाळीच शिकागोकडे एका लग्नाला घेऊन गेला होता. केदारने सगळा समारंभ कॅमेऱ्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आश्लेषाला त्याची टेप करून नागपूरला आई-वडिलांकडे पाठवायची होती. केदारच्या कंपनीतला एक माणूस सोमवारी नागपूरला निघणार होता आणि घरात कोरी टेप नव्हती.

"आता कुठे स्टोअरला जाऊ मी?" आश्लेषा वैतागली. "केदार टेनिस खेळतोय आणि ही मला सोडत नाहीये."

सुमित्राबाईंना सुनेची कीव आली. त्यांनी खोकं खाली काढलं. पाचही टेपांवर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर एक उभी रेघ, म्हणजे एक. मग दोन. मग तीन. चौथीवर उलट्या तीनसारखा आकडा, तो त्यांना आपल्या सहासारखा वाटला. मधल्या हरवल्या असतील. या चारींवर आकड्याशेजारी अरबीत बरंच काही लिहिलेलं होतं. पाचवीवर अक्षर नव्हतं. नुसता एक पोकळ गोल.

"ही बघ, शून्य नंबरची," त्या म्हणाल्या. "काही लिहिलेलंसुद्धा नाही. कोरी दिसतेय. हयातबाईंना नंतर दुसरी आणून देऊ."

आश्लेषाने तरी खात्री केली. टेप घालून बटण दाबलं. पडद्यावर करड्या रेघा धावल्या, खरखर झाली. "ब्लँकच आहे," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याची वायर जोडली.

अकरा जुलैला, रविवारी सकाळी, नागपूरहून फोन आला. आश्लेषाची आई रत्नाताई बोलत होत्या.

"विहीणबाई, वाढदिवस काय थाटात केलात हो! आणि साडी तुम्हाला छान दिसत होती. पण पुढे ते काय भरलंय?"

"पुढे काय?"

"केक झाला, पोरीने टोपी फेकली, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि एकदम अरबी पिक्चर! कुणीतरी मेलंय. सगळे काळे कपडे घालून बसलेत. मी म्हटलं बंद करा, तर हे कसले ऐकतात! शेवटपर्यंत बघितला."

मागून व्याह्यांचा, दिगंबररावांचा, आवाज आला. "पिक्चर चांगला आहे, म्हणावं! भाषा कळत नाही, पण माणसं खरी वाटतात. सुरुवात कुठे आहे विचार त्यांना!"

त्यांच्याकडचा व्हीसीआर दुबईहून आणलेला, सगळ्या तऱ्हेच्या टेपा चालवणारा होता. सुमित्राबाईंच्या हातातला फोन खाली आला. केदारने तो घेतला, दोन वाक्यं बोलला आणि ठेवला.

"आई," तो म्हणाला, "तुला कुठे माहीत होतं. माझीच चूक आहे, मी वेळेवर टाकली असती तर... मी बोलतो आंटींशी."

"लगेच नको," आश्लेषा रडवेली होऊन म्हणाली. "आधी टेप परत मागवू. काय उरलंय ते तरी बघू."

"मरियम शनिवारी येणार आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "मीच जाते."

त्यांनी जाताना एक पाकीट आणि पेन्सिल घेतली. हयात स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. सुमित्राबाईंनी पाकिटावर एक गोल काढून तिच्यासमोर धरला.

"हे तुमच्याकडे काय?"

"खम्सा," हयातने ओला हात वर करून पाच बोटं दाखवली.

"आमच्याकडे शून्य," सुमित्राबाई म्हणाल्या. "नथिंग."

"पाच म्हणजे नथिंग!" हयात मोठ्याने हसली. "मग तुझी बँक—" आणि ती थांबली. सुमित्राबाईंचा चेहरा तिने तेव्हा पाहिला. चेहरे वाचण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिने सुरी खाली ठेवली.

जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात सुमित्राबाईंनी सगळं सांगितलं. बेबी बर्थडे. माय मिस्टेक. टेप इन इंडिया.

हयातने एकच प्रश्न विचारला. "किती मिनिटं?"

"फिफ्टी टू."

ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तार कचेरीवर बॉम्ब पडतो. मी मरते. पुढचा तासभर सगळे माझ्याबद्दल बोलतात. फार छान बोलतात." तिने चिरलेल्या भेंड्या एकत्र केल्या. "मी त्यात नाही."

सुमित्राबाईंना वाटलं, हिने ओरडावं, आपल्याला हाताला धरून बाहेर काढावं. पण ती उठून खिडकीशी गेली.

"नाव मीच लिहिलं नाही," ती म्हणाली. "बाकीच्या टेपांवर लिहिलं. या एकीवर नाही. तारिकला वाचता येतं म्हणून." मग पाठमोरीच म्हणाली, "बस, सुमित्रा. तू जा."

पुढचे पाच दिवस तिने सुमित्राबाईंना दार उघडलं नाही. गुरुवारी सुमित्राबाई उपमा घेऊन गेल्या, तर वाटी दुसऱ्या दिवशी तशीच दारात होती. शुक्रवारी तारिकची गाडी आली आणि गेली. शनिवारी सकाळी मात्र हयात स्वतः वर आली. तिने केस मागे घट्ट बांधले होते, पांढरा सदरा आणि काळा घागरा घातला होता.

"मला एक माणूस पाहिजे," ती म्हणाली. "तार पाठवणारा."

मरियम अकराला आली. जीन्स, कानात मोठ्या रिंगा, हातात गाडीची किल्ली फिरवत. मुलगी गोड होती. तिने आजीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सुमित्राबाईंना "हाय" म्हणाली. हयातने तिला सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, आपण ऑफिसात नव्हतो, सिनेमात होतो.

"शट अप! रिअली? तेता, यू वेअर अ मूव्ही स्टार?" मरियम आजीला तेता म्हणायची.

"स्टार नाही," हयात म्हणाली. "काम करत होते. आज तुला एक काम दाखवते."

तिने टेबल मध्ये ओढलं, कागद-पेन्सिल ठेवली आणि मुलीकडे तोंड करून बसली. सुमित्राबाईंना तिने आपल्या मागे, पडद्याच्या आडोशाला बसवलं आणि हातात चमचा व वाटी दिली. ठोकणारा माणूस दिसता कामा नये, असं तिचं म्हणणं. ताल तिने आधी वीस वेळा शिकवला होता. लांब, आखूड, आखूड, मग थांबायचं, मग लांब, लांब. पुढे कितीही वाटलं तरी थांबायचं नाही.

सुमित्राबाई ठोकू लागल्या. समोर त्यांना दिसत होती फक्त हयातची पाठ. ताठ पाठ, मानेवरचा केसांचा अंबाडा, उजव्या कोपराची बारीक हालचाल. पहिल्या मिनिटाला कोपर सहज चाललं होतं. मग एका जागी ते अडलं. पेन्सिल कागदावर टेकून राहिली. सुमित्राबाईंनी चमचा थांबवला नाही. कोपर पुन्हा चालू लागलं, पहिल्यापेक्षा जास्त सावकाश, जास्त नीट, एखादं पोर पहिल्यांदा अक्षर काढतं तसं. चेहऱ्यावर काय चाललं होतं ते फक्त त्या मुलीला दिसत होतं.

चार मिनिटं झाली. हयातने पेन्सिल ठेवली.

मग मरियम हळूच म्हणाली, "इज इट ओव्हर?"

"हो."

"इट्स नाइस, तेता. रिअली नाइस."

"काय दिसलं तुला?" हयातने विचारलं.

मुलगी गोंधळली. तिने आधी पडद्याआडून पुढे आलेल्या सुमित्राबाईंकडे बघितलं, मग कागदाकडे. "यू वेअर रायटिंग?" ती म्हणाली. "यू वेअर, लाइक, रायटिंग समथिंग." आणि मग चांगुलपणाने विचारलं, "मूव्हीमध्ये म्युझिक होतं का?"

"नव्हतं."

"ओह."

तिने अर्धा तास आणखी गप्पा मारल्या, शाळेच्या, पोहण्याच्या. डॅडला गाडी हवी आहे म्हणून साडेबाराला निघाली. हयात तिला दारापर्यंत पोचवून आली, टेबल पुन्हा भिंतीला लावलं, आणि सुमित्राबाईंच्या हातातला चमचा घेऊन धुवायला गेली.

"हयातबाई, लहान आहे ती," सुमित्राबाई म्हणाल्या. "तिला कुठे कळणार..."

"तिचं बरोबर आहे," नळ वाहता ठेवून हयात म्हणाली. "थिएटरात माझा चेहरा घराएवढा होता. इथे एक म्हातारी टेबलाशी बसली होती."

ऑगस्टमध्ये टेप नागपूरहून परत आली. सोबत दिगंबररावांची चिठ्ठी होती की त्यांनी ती तीनदा पाहिली. केदारने या वेळी मात्र दुसऱ्याच दिवशी कन्व्हर्ट करायला टाकली. घरच्यांनी बसून बघितलं. वाढदिवस संपला, चित्र हललं, आणि एका खोलीत माणसं बसलेली दिसली. भिंतीवर तरुण हयातचा फोटो, कोपऱ्याला काळी फीत. कॅमेरा त्या फोटोवर फार वेळ राहत नव्हता. सुमित्राबाई टेप घेऊन खाली गेल्या, तर हयातने ती हातात घेतली नाही. "तुझ्या नातीचा वाढदिवस आहे त्यात. तुझ्याकडेच राहू दे. मेल्यानंतरचं मला बघायचं नाही."

त्यानंतर दोघी भेटायच्या, बोलायच्या. पायांच्या दुखण्याबद्दल, भेंडीबद्दल, पडणाऱ्या थंडीबद्दल. सिनेमाचा विषय हयातने काढला नाही आणि सुमित्राबाईंची हिंमत झाली नाही. ऑक्टोबरात त्या कराडला गेल्या. पुढची दोन वर्षं गुडघ्यांमुळे त्यांचं येणं झालं नाही.

२००७च्या एप्रिलमध्ये त्या आल्या तेव्हा केदारने ट्रॉयमध्येच घर घेतलं होतं आणि हयातला तारिकने वृद्धांच्या एका संस्थेत ठेवलं होतं. सुमित्राबाईंनी हट्टच धरला म्हणून आश्लेषा त्यांना तिथे घेऊन गेली. हयात खूप वाळली होती, पण तिने ओळखलं. जेवण अळणी असतं म्हणाली, स्वानंदी केवढी झाली विचारलं. एक नर्स उशी नीट करत होती. तिने हसून आश्लेषाला विचारलं, "तुम्ही हिला कैरोपासून ओळखता? तिथे काय करत होती ही?"

सुमित्राबाईंना एवढं इंग्रजी आता कळत होतं. त्या पटकन म्हणाल्या, "ॲक्ट्रेस! फिल्म!"

हयातने त्यांच्याकडे बघितलं. "नो, नो," ती नर्सला म्हणाली. "ऑफिस. आय वर्क इन ऑफिस."

ती विसरली होती, की नर्ससमोर लपवत होती, की मुलाने लिहून दिलेली भूमिका तिने शेवटी घेऊन टाकली होती, हे सुमित्राबाईंना कळलं नाही. परतताना गाडीत आश्लेषा काही बोलू पाहत होती. सुमित्राबाईंनी तोंड खिडकीकडे केलं.

२००८च्या फेब्रुवारीत हयात गेली. सुमित्राबाई तेव्हा कराडला होत्या. केदारने फोनवर सांगितलं. मे महिन्यात त्या ट्रॉयला होत्या तेव्हा एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात तारिक. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण खांदे पडलेले. पाच वर्षांत सुमित्राबाईंनी त्याला जिन्यावरून जाता-येताना बघितलं होतं, तेवढंच.

तो सोफ्याच्या काठावर बसला. आजीकडून कळलेलं मरियमने त्याला सांगितलं होतं, की वरच्या मजल्यावरच्या इंडियन आजीकडे तेताची टेप आहे. त्याच्याकडे आईचं काहीही नव्हतं. फोटोंचं खोकं त्याने २००१ सालीच कचऱ्यात टाकलं होतं.

केदारने त्याला खरं ते सगळं सांगितलं. पहिली बावन्न मिनिटं काय आहे, पुढे काय आहे, आणि आई कुठवर होती. तारिक मान खाली घालून ऐकत होता. मग तो बोलू लागला, आणि केदार एकेक वाक्य मराठीत आणत गेला.

तो अकरा वर्षांचा होता. आईने दोन तिकिटं दिली होती. मित्राला घेऊन तो थिएटरात गेला. आई पडद्यावर आली, तार कचेरीत बसली, यंत्र वाजू लागलं. सगळं थिएटर चिडीचूप झालं. आणि मागच्या रांगेतला कुणीतरी त्या शांततेत आईबद्दल एक घाण शब्द बोलला. लोक हसले. मित्रही हसला. तो उठला आणि बाहेर आला. घरी आईला त्याने सांगितलं, की आपण गेलोच नव्हतो.

"म्हणजे तार पुरी होताना याने बघितलेलीच नाही," केदारचा आवाज खाली आला. "तो म्हणतोय, मला तेवढंच बघायचं होतं. लोक हसले, त्यानंतर तिने काय केलं ते."

तारिकने पहिल्यांदाच वर बघितलं, थेट सुमित्राबाईंकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही पाहिलंत? कशी होती ती?"

हो, फार छान, असं म्हणायला काय जात होतं? पण सुमित्राबाईंच्या डोळ्यांसमोर एक पाठ होती, आणि एक अडलेलं कोपर.

"नो," त्या म्हणाल्या. "फेस... आय नॉट सी."

त्याने मान हलवली. रागावला नाही. टेप नको म्हणाला; तुमच्या मुलीचा वाढदिवस आहे तो. केदारशी हात मिळवला आणि बूट घालायला खाली वाकला. नाडी त्याच्या हातून दोनदा सुटली.

सुमित्राबाई दारापर्यंत गेल्या. मराठीत त्यांच्याकडे पुष्कळ काही होतं. इंग्रजीत एकच शब्द होता, दुकानात कुणाच्या ढकलगाडीला धक्का लागला की म्हणतात तो. तोच त्यांनी म्हटला.

"सॉरी."

"इट्स ओके," तारिक म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.